भार्गवीने घासलेले रोमन नाणे

मी, नीरजा सूर्यकांत दिघे, वय शहात्तर, निवृत्त धातुपरीक्षक, राहणार येलहंका, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, म्हणजे नंतर कुणी "म्हातारीला भ्रम झाला होता" म्हणायला नको.

१. राहते घर माझी सून भार्गवी हिला, एकटीच्या नावे मिळावे. बँकेतील ठेवी मुलगा मल्हार यास. मल्हार, तोंड वाकडं करू नकोस. घरातून तुला कोणी काढत नाही, बायकोशी नीट वाग म्हणजे झालं.

२. कै. सूर्यकांत यांनी चामराजपेटेतील मोडीच्या दुकानातून घेतलेले रोमन नाणे. दर लक्ष्मीपूजनाला ते चौरंगावर असे. आमच्याकडे नव्या सुनेने पहिल्या दिवाळीत पूजेची चांदी घासायची, असा रिवाज. भार्गवीने चिंच-रांगोळी लावून मन लावून घासलं, आणि चांदीचं नाणं लाल निघालं! त्यावर माझे दीर अरविंद भरल्या घरात म्हणाले, "सराफाची लेक ही! खरं नाणं माहेरी गेलं, हे तांबडं इथे ठेवलं." तिचे वडील, नागपूरचे उमाजीराव, पंगतीतच बसले होते. भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून भार्गवीने या घरातल्या चांदीला बोट लावलेलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण आयुष्यभर धातू तपासले ते काय उगाच? भिंग घेऊन बसले.

बादशहाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा काटेरी मुकुट, कडेने गॅलिएनसचं नाव, मागे हरीण. मी टाळीच वाजवली! रोमचे पहिले बादशहा जवळजवळ शुद्ध चांदीची नाणी पाडत. मग लढाया, सैन्याचे पगार, उधळपट्टी. एकेक जण चांदी कमी करत गेला, ती निम्म्यावर आली, आणि गॅलिएनसच्या अखेरीस शंभरात जेमतेम चार-पाच भाग उरली. बाकी तांबं, वरून चांदीचा मुलामा. चामराजपेटेतल्या सराफाच्या यंत्राखाली नाणं ठेवलं. तो चाचरत म्हणाला, "अक्का, बेळ्ळी, म्हणजे चांदी, स्वल्पच आहे हो, तांबंच जास्त." मी म्हटलं, "सरी, बरोबर! मला हेच हवं होतं." अक्षरांच्या खोबणीत चांदीचा मुलामा अजून शिल्लक आहे. शिवाय सूर्यकांतने काढलेल्या जुन्या फोटोत मुकुटाच्या वर काठाला जी चीर दिसते, तीच या नाण्याला आहे. म्हणजे नाणं तेच, आणि अस्सल. चांदी चोरली ती रोमच्या बादशहाने, माझ्या सुनेने नव्हे!

सबब हे नाणे भार्गवीचे. दर दिवाळीला ते चौरंगावर मधोमध ठेवावे. पुन्हा कुणी घासू नये.

३. माझा तराजू व भिंग उमाजीरावांना. मल्हारने माझ्या मरणाची वाट न पाहता स्वतः नागपूरला जावे, शाल-श्रीफळासह द्यावे आणि पाया पडावे.

४. अरविंदभावजींना काहीही नाही. ज्या चकचकीत रोमन नाण्याची ते पाहुण्यांपुढे फुशारकी मारतात, त्याच्या कडेला साच्याची शिवण आहे. रोमन नाणी ठोकून पाडत, साच्यात ओतत नसत. ते बनावट नाणे त्यांचे त्यांना लखलाभ.

माझ्या वकील अंजलीबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. या अटीत भावजी अगदी चपखल बसले. काल नाणं आणि फोटो त्यांच्यापुढे ठेवले. भिंगातून दोन्हींतली चीर त्यांनी स्वतः पाहिली. मग म्हणाले, "वहिनी, चुकलंच माझं." मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग? उद्या भार्गवीसमोर कलम दोन मोठ्याने वाचा, मग सही करा." आज ते आले आहेत, भार्गवीही समोर बसली आहे. मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

स्थळ : येलहंका, बेंगळुरू
दिनांक : १२ जानेवारी २०२५

(सही) नीरजा सूर्यकांत दिघे

साक्षीदार :
१. (सही) हयवदन राव, शेजारी
२. (सही) अरविंद दिघे, दीर. कलम दोन भार्गवीसमोर मोठ्याने वाचले. नाणे तेच आहे. मी तिला बोललो ते खोटे होते.