बॅटरीची रिकामी जागा

३ फेब्रु., दिघी
जीप गप्प. चावी फिरवली, टक् पण नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीच जागेवर नाही. अस्लमला विचारलं. भावाच्या बोटीवर दिली म्हणे, त्यांची बसली होती. माझ्या अब्बांची गाडी, मला एका शब्दाने विचारलं नाही. उद्या फेरीने खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरून मुरूडला अम्मीच्या पायाचं ड्रेसिंग करून आणायचंय, हे त्याला ठाऊक. दोह्याला नोकरीवर होता तेव्हा गाडी मीच चालवायची, फोनवर कौतुक करायचा. आता कायमचा आलाय तर बायको स्टिअरिंगवर दिसते याची लाज.

४ फेब्रु.
घर चढावर आहे ते बरं. हँडब्रेक सोडून जीप उतारावर सुटू दिली, सेकंड टाकून क्लच सोडला. गचका, काळा धूर, चालू. जुनं डिझेल, एकदा पेटलं की बॅटरीवाचून चालतं. बंद मात्र करायचं नाही. पण फेरीबोटीवर इंजिन बंद करावंच लागतं. आगरदांड्याला एका टेम्पोवाल्याने त्याच्या बॅटरीच्या वायरी माझ्या उघड्या टोकांना लावून चालू करून दिली. बॅटरी कुठाय म्हणाला. चोरीला गेली, म्हटलं. खोटं कुठे बोलले?
अम्मीला मागच्या सीटवर पाय लांब करून मुरूडला नेलं. साखरेची जखम, वास येतोय. एक दिवसाआड ड्रेसिंग, चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलं.

६ फेब्रु.
सकाळी बघते तर जीप खाली सपाटीला, नाक भिंतीला टेकवून. दोघा भावांनी ढकलत नेली. वर झाडाची पानं पडतात म्हणे.
आज ड्रेसिंग होतं. अस्लम म्हणाला, रिक्षा आहेत ना. अम्मीचा पाय दुमडत नाही, हे त्याने स्वतः बघितलंय. भांडले. मग रडले, त्याचा जास्त राग आला. ड्रेसिंग चुकलं.

७ फेब्रु.
दोर. अब्बा करायचे, लहानपणी बघितलेलं. मागचं एक चाक जॅकवर उचललं, पुढच्या चाकांना दगड लावले, टायरभोवती बोटीचा जाड दोर गुंडाळला. दोर ओढला की चाक फिरणार, चाकाबरोबर इंजिन. शेजारची हिराबाई मासे विकून येत होती. पाटी खाली ठेवली, सुनेला हाक मारली. त्या दोघी दोरावर, मी आत, टॉप गिअरमध्ये. पहिल्या ओढीला दोर सटकला, हिराबाई आपटली, कोपर सोललं. राहू दे म्हटलं मी.
"तू बस आत. आईचा पाय हाय तो."
पुन्हा गुंडाळला. पुन्हा नाही. मग एकदाची धडधडली, मी क्लच दाबून धरला. दोघींनी जॅक काढला. अस्लम हे सगळं ओट्यावर बसून बघत होता. चहाचा कप काही खाली ठेवला नाही.
फेरीनंतर पुन्हा एका टेम्पोच्या वायरींवर चालू केली. मुरूडहून सरळ अलिबागला पाठवलं. दोन बोटं काढणार.

१० फेब्रु., अलिबाग
काल काढली. आज डॉक्टरांना विचारलं, ते एक ड्रेसिंग चुकलं म्हणून का? म्हणाले, असं सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर बरं झालं असतं. कोणावर तरी ठेवता आलं असतं.
अम्मी विचारते, जावई नाही आला? बोटीवर काम आहे, सांगितलं. तिला कळतं.

११ फेब्रु.
अस्लमचा फोन. निघाल्यापासून पहिला.
"गाडी कधी आणतेस?"
अम्मीचं विचारेल म्हणून थांबले. नाही विचारलं.
"बॅटरी जागेवर लावा, मग बोलू."
तो म्हणाला, शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. कागद अजून अब्बांच्याच नावावर आहेत, ते गेल्यावर आता अम्मीच्या सहीशिवाय काही होणार नाही, हे त्याला माहीत नसावं. मी सांगितलं नाही. फोन ठेवलाही नाही. त्यानेही नाही. बराच वेळ त्याच्याकडचा पंखा ऐकू येत होता. मग रेंज गेली की त्याने ठेवला, कळलं नाही.