तेरवीच्या चहातली वनस्पती

वाशीम, मंगळवार

तीर्थस्वरूप ऋषिकेशदादांस,

अमरदीपचा नमस्कार. वैजयंतीवहिनींनाही नमस्कार सांगावा. तुम्हा दोघांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. सविस्तर म्हणजे पोट साफ आहे का, तोंडाला चव आहे का, जिभेला बधिरपणा, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना मुंग्या असे काही नाही ना. (सहज विचारतो आहे.) इकडे सर्व ठीक. वर्षाराणी गेल्यापासून घर शांत आहे. मी मुळातच कमी बोलणारा, माझ्या वाटणीचेही तीच बोलायची, त्यामुळे घरातून दोन माणसे गेल्यासारखे वाटते.

तुमच्या बहिणीला मागच्या पावसाळ्यात मेळघाटच्या डोंगरात एक फुलझाड सापडले होते, हे तुम्ही जाणताच. कॉलेजात तिने जन्मभर इतरांनी नावे दिलेली झाडे मुलांना शिकवली. ह्या झाडाला मात्र जगात नावच नव्हते. तुळशीच्या कुळातले, पण तुळस नव्हे. वीतभर उंच, चौकोनी खोड, पानाच्या पाठीवर पांढरी लव, फिकट जांभळे फूल आणि त्याचा खालचा ओठ लांब, रुसलेल्या पोरासारखा पुढे आलेला. (हे शेवटचे माझे आहे, शास्त्रातले नाही.) तिने काही रोपे वर्तमानपत्रात दाबून, सुकवून मागच्या खोलीत ठेवली होती. तिची विद्यार्थिनी रुचा, शिरपूर जैन गावची, त्याचे वर्णन पूर्ण करते आहे आणि झाडाला वर्षाराणीचे नाव देणार आहे. लॅटिनमधले आहे. शेवट मला नीट उच्चारता येत नाही, पण सुरुवात ओळखीची आहे. मी ते मागच्या खोलीत दार लावून म्हणून पाहतो.

फक्त एक अट आहे. फुलासकट सुकवलेले एक तरी रोप सरकारी वनस्पतिसंग्रहालयात जमा झाले पाहिजे. नुसत्या फोटोवर रुचा हे काम पुढे नेऊ शकत नाही. रोप नाही तर नाव नाही. आणि ज्या उतारावर ती रोपे होती तो उतार दरडीबरोबर खाली गेला. दुसरीकडे असतील, नसतील. शोधायला वर्षे जातील, असे रुचा म्हणते.

तेरवीनंतर रुचा ती रोपे न्यायला आली. खोलीत वर्तमानपत्रे नीट घड्या घालून ठेवलेली होती. आत काही नव्हते.

मी आमच्या तुळसाआत्याला विचारले. तेरवीच्या आदल्या दिवशी घर धुऊन काढताना तिला ती रोपे सापडली होती. तिने चुरगाळून वास घेतला आणि वर्षाराणीने सुकवून ठेवलेली तुळस समजून तेरवीच्या कोऱ्या चहात घातली. तिच्या हातची शेवटची तुळस, सगळ्यांच्या तोंडी लागावी म्हणून. म्हणजे दादा, तो चहा. तुम्ही दोनदा मागून घेतलात तो.

मी तिला सांगितले की ही नवीन जात होती, आत्या. तर म्हणे, "नवीन कायची आली रे? देवानं केली तवापासून जुनीच हाय ना ते! तुमाले आत्ता दिसली त्याले ते तरी काय करन?"

रुचाला मी बाजूला घेऊन विचारले, विषारी आहे का. ती म्हणाली, "काका, कुणालाच माहीत नाही. आजवर कुणी खाल्लंच नाही. ह्या कुळातल्या बऱ्याच वनस्पती आपण खातो, पण..." आणि 'पण' पाशी थांबली. तेव्हापासून मीही तिथेच थांबलो आहे. फोन वाजला की घाम फुटतो. कोणी दारात चपला काढल्या तरी आधी पायांचा रंग बघतो. मी स्वतः पेलाभर घेतला होता, पण माझे मला काही वाटत नाही. सगळे माझ्या दुःखात बसायला आलेले लोक, आणि त्यांना आम्ही काय पाजले, हे वाटते. शेवटी न राहवून समोरच्या नानाजींकडे गेलो, कारण वयाने सर्वांत मोठे तेच आणि चहाही त्यांनीच जास्त घेतलेला. ते खाटेवर तोंड उघडे टाकून पडले होते. हाक मारली, उत्तर नाही. नाकापुढे बोट धरले. त्यांनी डोळा उघडला. "जित्ता हाओ बाप्पा! घाई हाय काय तुले?" मी म्हटले, सहज आलो होतो. तर मला जवळ ओढून म्हणतात, "तो चहा कायचा होता रे? तवापासून मले सुनेचं सगळं आयकू येऊन राह्यलं."

दादा, मला आनंद व्हायला हवा होता. उलट जास्तच भीती वाटली. इतकी वर्षे ठार बंद असलेले कान उघडले म्हणजे त्यात काहीतरी आहेच, आणि ते कानावरच थांबेल कशावरून?

असो. माझे काही मागणे नाही. प्रकृतीचे तेवढे कळवा. हे पत्र गोविंदसिंगच्या रोजच्या जीपने तुमच्याकडे शेलूबाजारला पाठवतो आहे.

आपला,
अमरदीप

ता. क. पत्र बंद करताना आत्याने विचारले, कुणाला लिहितोस. सांगितले. तर म्हणे, "वैजयंतीले इचार, गुडघ्याले फरक पडला काय. उरलेली तुयस मी तिले पुडीत बांधून देली होती, फुलाफुलाची." दादा, ती पुडी उघडू नका. उघडली असेल तर चुरू नका. जगात तेवढीच आहे.

पुन्हा ता. क. आत्ताच फोन लावला. वहिनींनी उचलला आणि माझा आवाज ऐकताच त्या रडू लागल्या. मला पुडीचे विचारता येईना. तुमच्याकडे थंडी कशी आहे ते विचारून ठेवून दिला.

आणखी एक. मीच जीपने येतो आहे. आलो की काही न बोलता हे पत्र तुमच्या हातात देईन, राग मानू नये, तोंडाने मला हे सांगता येणार नाही. तुम्ही इथवर वाचेपर्यंत वहिनी माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या असतील, आणि तेरवीच्या घरचा माणूस म्हणून त्यात पुडीतली तीच तुळस घालतील. दादा, पत्र खाली ठेवा आणि आधी गॅस बंद करा.