ठकूच्या प्रश्नाचं उत्तर

रविवार, दि. ८, सकाळी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. अक्षर वाकडं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन बिघडलंय आणि टेबलही डुगडुगतं. तू जेवतेस ना वेळेवर? तुझ्या खिडकीची कडी सैल झाली होती, ती बसवून घेतलीस का? तिसऱ्या मजल्यावर कोण चढून येणार, असं तू म्हणशील. चोराला हे कोणी सांगितलेलं नसतं.

पत्रास कारण तुलाही ठाऊक आहे. काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, राजीनामा देते आणि घरीच येते कायमची. येऊ का?" आणि नेमकं तेव्हाच दारावर कोणीतरी आलं, म्हणून फोन ठेवावा लागला. नंतर करतो म्हणालो आणि राहून गेलं. फोनवर मला सुचत नाही. तुझी आई म्हणायची, ह्यांना भांडायचं असलं तरी आधी कागद लागतो.

तर आधी राजीनाम्याचं बोलू.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. तुझ्या कामातलं मला जेवढं कळलंय तेवढं लिहितो, चुकलं तर हस. तुमच्या कंपनीची पुष्कळ इस्पितळं आहेत. तिथल्या नर्सबाईंना रोग्याला औषध द्यायचं की आधी कॉम्प्युटरवर नोंद करावी लागते. त्यांना पडद्यावर काय दिसावं, बोट कुठे जावं, काय न वाचताच कळावं, हे ठरवणं तुझं काम. आणि कॉम्प्युटरात कोणता बदल करायचा, कोणाच्या परवानगीने करायचा, बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा, ह्याचे नियम सांभाळणारं खातं वेगळं. त्याला तू गव्हर्नन्स म्हणतेस आणि त्या खात्याच्या मुख्य माणसाला कुलूपसाहेब.

मागे आली होतीस तेव्हा जेवताना मी म्हटलं होतं, "म्हणजे दोघांचं काम एकच की."

"एकच कसं?" तू ताट सरकवलंस. "मी दार सहज कसं उघडेल ते बघते. तो त्याला कुलूप कसं लागेल ते बघतो."

"पण घर एकच ना?"

"बाबा, तुम्ही ना, त्याच्याच खात्यात जा!"

मी त्याच्याच खात्यातला आहे, ठकू. तू विसरतेस.

औषध नोंदवण्याआधी पडद्यावर तीन चौकटी येतात, तिन्ही विचारतात की खात्री आहे का. नर्सबाई न वाचता तिन्ही दाबतात आणि पुढे जातात. तू त्यांच्यामागे हिंडलीस, बघितलंस, तिन्हींची मिळून एक चौकट केलीस, तीही फक्त जहाल औषधांपुरती. कुलूपसाहेबांनी ती परत पाठवली. नियमात बसत नाही. तू पुन्हा केलीस, त्यांनी पुन्हा परत पाठवली. आता तू म्हणतेस की भिंतीवर डोकं आपटून कपाळ सुजलंय, बास झालं. खरं आहे. पण ऐक.

तुझ्या आईची आणि माझी गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. आज सलग लिहितो. इथे ऐकायला आता दुसरं कोणी उरलं नाही.

आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी करायचा. मोठी लांबट शेड, वरच्या काचा धुळीने पिवळ्या झालेल्या, दिवसभर पुठ्ठ्याचा कोरडा वास. तुझी आई कापायच्या मशीनवर होती. मी सेफ्टी खात्यात. गळ्यात शिट्टी, हातात खडू. नियम मोडलेला दिसला की मशीनवर फुली मारायची. फुली मारलेलं मशीन बंद. वय कोवळं आणि हातात खडू, त्यामुळे मी स्वतःला साहेबच समजत होतो.

तुझी आई मशीनच्या लोखंडी दांड्याला चिंधी गुंडाळायची. मी सकाळी सोडायचो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती पुन्हा गुंडाळलेली असायची. मी पुन्हा सोडायचो. बायका हसायच्या. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काय हो शिट्टीवाले, तुमच्या हाताला घट्टे आहेत का?"

"दांड्याला काही बांधायचं नाही, असा नियम आहे."

"नियमाला हात आहेत का?"

अख्खी शेड हसली. मला इतका राग आला की मी तिला उठवलं आणि स्वतः तिच्या स्टुलावर बसलो. म्हटलं, दाखवतोच हिला. थोड्याच वेळात तळहात लाल झाला. संध्याकाळी मला बादली उचलता येईना. पण मीही काही अगदीच खोटा नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी तिला चिंधीचं लोंबतं टोक दाखवलं आणि त्याच्या शेजारचं फिरतं चाक दाखवलं. माझ्या आधी तिथे एकाची चिंधी चाकात ओढली गेली होती, आणि चिंधीबरोबर बोट. त्यावरून तो नियम आला होता.

तिने चिंधी सोडून हातात घेतली. मग म्हणाली, "हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आणि दांडा हाताला लागतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"रोज चिंधी बांधत होते ते काय होतं मग?"

त्यानंतर तिने धाकट्या भावाच्या सायकलच्या मुठीचं रबर काढून आणलं. दांड्यावर घट्ट बसलं. लोंबतं टोक नाही, हाताला मऊ. भाऊ बिचारा आठवडाभर लोखंडी मुठीची सायकल चालवत आम्हा दोघांना शिव्या देत होता. फोरमनने रबर बघितलं आणि म्हणाला, नियमात नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून नियमच लिहिला. ती सांगत होती, मी लिहीत होतो. सगळं झाल्यावर म्हणाली, "पुढे लिहा. मशीन चालवणारीला दर वर्षी विचारावं, की हे तुला जमतंय का."

"नियमात असं विचारावं-बिचारावं लिहीत नसतात."

"मग आता लिहा. माझ्या जागी उद्या दुसरी बसेल. तिचा हात माझ्याएवढाच असेल का?"

फोरमनने कटकट मिटावी म्हणून सही केली. तेव्हापासून मशीन ते मशीन विचारत फिरणं माझ्या नोकरीचा भाग झालं. तुझी आई पुढे सगळ्यांना सांगायची, कंपनीने ह्यांना सगळ्यांना विचारायला नेमलं आणि हे आपले एकाच मशीनपाशी उभे!

गॅस बंद केला की नाही ते बघून आलो. बंद होता.

तर ठकू, मला एवढंच विचारायचं आहे. ती तिसरी चौकट कशामुळे आली, हे तू कुलूपसाहेबांना कधी विचारलंस का? कोणाचं काहीतरी दुखावल्याशिवाय माणसं नियम करत नाहीत. आणि ते कधी नर्सबाईंच्या शेजारी उभे राहिलेत का? मला वाटतं ते त्यांच्या चाकाची भीती धरून बसलेत आणि तू तुझ्या दांड्याची. नर्सबाईंना विचारून घेणं हे त्यांच्या नियमातच लिहून टाका. म्हणजे विचारायला तुला भांडावं लागणार नाही, आणि न विचारता काही मंजूर करणं त्यांनाही जमणार नाही. माझ्या अडाणी डोक्याला एवढंच सुचतं.

तुझी गादी आज उन्हात टाकली आहे. उगाच, दमट वास येत होता. शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी एक टोक धरलं. म्हणाल्या, "कोणी यायचंय का?" मी म्हटलं, "छे."

दुसऱ्या प्रश्नाचं उद्या लिहितो.


गुरुवार, दि. १२

ठकू, पत्र अजून इथेच आहे. आधी पाकीट सापडत नव्हतं, मग सापडलं तर उशीखाली ठेवलं. काल तुझा फोन आला आणि पत्रात लिहिलेलं सगळं मी फोनवर बोलूनही टाकलं. तू ऐकून घेतलंस. आज सकाळी पुन्हा फोन केलास तेव्हा तुझा आवाज किती वेगळा होता! असा आवाज तू शाळेतून धावत येऊन दप्तर फेकायचीस तेव्हाचा. तेव्हा तुझी आई ओरडायची आणि मी दप्तर उचलायचो.

कुलूपसाहेबांना तू विचारलंस म्हणे, आणि त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग सांगितलं की एका इस्पितळात रोग्याला एकच औषध दोनदा गेलं होतं. रोगी वाचला. पण त्या दिवशी मदतीच्या फोनवर ते स्वतः बसले होते, आणि पलीकडे नर्सबाई रडत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरी चौकट घातली. ती कोणी वाचत नाही, हे तू सांगितलंस तेव्हा ते म्हणाले, "मला वाटत होतं निदान ती तरी वाचत असतील." सोमवारी तुम्ही दोघं दिवसभर वॉर्डात नर्सबाईंजवळ उभे राहणार आहात. त्यांना म्हणावं, मऊ तळव्याचे बूट घाला. उभं राहायची सवय नसणार.

मला आनंद झाला. मी "वा वा" म्हटलं. म्हटलं, चला, राजीनाम्याचा प्रश्न मिटला.

तेव्हा तू म्हणालीस, "हो, तो मिटला. कंपनी मला घरून काम करायचीही सवलत देते, महिन्यातून थोडे दिवस इथे यावं लागेल. बाबा, म्हणून परत विचारते. मी तिकडे राहायला येऊ का?"

मी म्हटलं, थांब हं, दारावर कोणीतरी आलंय.

तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या दारावर हल्ली फार गर्दी असते." आणि हसलीस, पण नीट हसली नाहीस.

दारावर कोणी नव्हतं, ठकू. आज नव्हतं, शनिवारीही नव्हतं.

पेनही बिघडलेलं नाही. मी डाव्या हाताने लिहितोय. न्हाणीघरात पाय घसरला, उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. तुला सांगायचं नाही असं शिवणवाल्या बाईंना बजावलं होतं. त्याच मला उचलायला आल्या. पण उचलायला कोणी येईपर्यंत मी फरशीवर पडून होतो, आणि तेव्हा मला मनगटाचं काही वाटत नव्हतं. नळ ठिबकत होता. मनात येत होतं की ही आता येईल आणि म्हणेल, काय हो, फुली मारून घेतलीत का स्वतःवर? मग लक्षात आलं की ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं.

अजून भाजी दोघांची होते. कमी करायला जातो आणि बिघडते. बोलायची सवय मोडत नाही, म्हणून रेडिओला उत्तरं देतो. बातम्या सांगणारी बाई मोठी सोशिक आहे.

तू विचारलंस की माझ्या घशाशी "ये" येतो, आणि मला भीती वाटते. तू इथे येशील, माझ्या औषधाच्या वेळा आणि माझी कुरकुर सांभाळशील, आणि कधीतरी खिडकीशी उभी राहून विचार करशील की मी काय सोडून आले. मग तुझ्या तोंडाकडे बघायची मला सोय राहणार नाही. म्हणून "नको" म्हणायचं ठरवून पत्राला बसलो होतो. नोकरी सोडू नकोस म्हणून एवढी पानं लिहिली, त्यात खोटं काही नाही. पण मी त्यांच्या आड लपलो. राजीनामा मिटला की तुझं येणंही मिटेल, आणि मला काहीच बोलावं लागणार नाही, असं वाटलं होतं.

जन्मभर लोकांना विचारत फिरलो. मला कोणी विचारलं तर काय करायचं, हे मात्र मी कधी शिकलो नाही. तुझी आई विचारायची नाही, तिला दिसायचं.

तर उत्तर. हो. तू यावंस असं मला फार वाटतं. सकाळी दुसऱ्या खोलीत कोणीतरी कूस बदलल्याचा आवाज यावा असं वाटतं. तुझ्या त्या पडद्यांच्या चित्रांवर तू पुटपुटत बसावंस, आणि मी मधे बोललो की खेकसावंस.

पण हे माझं वाटणं झालं. ठरवणं तुझं. मला वाटतं म्हणून तू यावंस, असं नाही. तिथे तुझी माणसं असतील, तुझ्या संध्याकाळी असतील, मी त्यातलं काही विचारलेलं नाही. तू नाही आलीस तरी मी तुझा बापच राहीन, तसाच किरकिर करणारा, आणि मनात काही धरणार नाही. फक्त बाबांना गरज नाही असं समजून तू आली नाहीस, असं व्हायला नको. ते खोटं तुझ्या हाती देऊन मला तुझ्याकडून काही ठरवून घ्यायचं नाही.

हे आता शिवणवाल्या बाईंच्या हाती देतो. त्या बाजारात निघाल्या आहेत, दारात उभ्या आहेत. आज खरंच आहेत. मी परत मागितलं तरी द्यायचं नाही, असं त्यांना सांगितलंय.

सोमवारी वॉर्डात काय झालं ते सविस्तर कळव. बाकीचं सवडीने कळव, घाई नाही.

घाई आहे, पण तू करू नकोस.

तुझी वाट बघणारा (हे खोडणार होतो, राहू दे),
बाबा