रेणूचं तोंड

६ जाने., सोम.
रेणूनं भाकरी ढकलून दिली. दुधात कुस्करली तरी नाही. उजवा गाल सुजलाय. बघू म्हटलं की ओठ घट्ट. लोक म्हणतात डाऊन सिंड्रोमची पोरं हट्टी असतात. माझी हट्टी आहे, कारण ती माझ्यावर गेलीय.

८ जाने.
म्हसवडहून पहाटेची एसटी, सांगली. दातांच्या डॉक्टरबाईंचं बोट चावलं तिनं. मला कुठं तोंड लपवू झालं. दिसलं तेवढ्यावरून: खालचा जबडा पुढे, दात एकमेकांवर चढलेले, फटीत घास अडकतो, ब्रश पोचत नाही. एक दाढ पार किडलीय, काढावीच लागणार. खुर्चीत बसून काढू दिली तर बरं, नाहीतर मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल.
भूल एकदा दिलीय तिला. अकरा महिन्यांची होती, हृदयाचं ऑपरेशन, तेव्हा भुलीच्या संमतीच्या कागदावर सही मीच केली होती. पुन्हा नको. नकोच.
सुजेवर औषध दिलंय. तोंड उघडायची सवय लावा म्हणाल्या.

१० जाने.
आरसा, गाणी, शेवटी चॉकलेटचं आमिष. दातांसाठी चॉकलेट! शाब्बास अंगणवाडीताई. तिकडं तीस पोरांना वळण लावते, घरी एकीपुढं हात टेकले.

१४ जाने.
संक्रांत. घरभर तिळगूळ. रेणू सोडून सगळ्यांची तोंडं चालू.

१८ जाने., शनि.
सासरे (आण्णा) गिऱ्हाइकाला मेंढीचं वय दाखवत होते, ओठ वर करून, दात मोजून. रेणू शेजारीच. गिऱ्हाईक गेलं, तशी तिनं सरळ आण्णांच्या तोंडात बोट घातलं.
"बघा मालकीणबाई, किती दाती हाय ह्यो म्हातारा?"
"तीन!" (आहेत पाच.)
"आता माजी पाळी. बघू का?"
आणि तिनं आ केला. चांगला दाढेपर्यंत! मी मात्र भडकले. म्हटलं, माझी लेक मेंढरू आहे का?
आण्णा म्हणाले, "अगं, मेंढराला मी इचारत न्हाई. हिला इचारलं."
दहा दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं, नुसतं "उघड, उघड".

२१ जाने.
घरात नवा कायदा. आधी ती आपले दात बघणार, मग आपण विचारायचं. ब्रशचंही तेच, आधी ती मला घासते. हिरड्या सोलल्या माझ्या, पण तिच्या मागच्या फटीपर्यंत ब्रश गेला. यांना म्हणाली, "पप्पा, वास." लय हसलो. रात्री दीड भाकरी खाल्ली.

२३ जाने.
डॉक्टरबाईंना फोन. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग आधी माझे दात तपासू दे तिला." बाई भली आहे. पण दाढ बधिर करायचं इंजेक्शन आहे, त्याचं काय?

२७ जाने., सोम. सांगली, दवाखान्यातच.
बाई स्वतः खुर्चीत बसल्या, रेणूनं हातमोजे घालून तपासलं. मग जागा बदलल्या. बाईंनी विचारलं, तिनं आ केला. इंजेक्शनचा ट्रे आला आणि माझेच डोळे भरले. तिनं बघितलं.
"आई, तू भायेर बस."
"मी थांबते गं—"
"भायेर."
बाईंनी मानेनं जा म्हटलं. बाहेर आलेय, दार लावलंय. आतून बाईंचा आवाज येतोय. रेणूचा नाही. तोंड उघडं असणार.