माझे खुनी हातमोजे घालतात

१२ जुलै १९७९, गुरुवार
आजपासून रोज लिहायचं. मोठे चित्रकार लिहितात. पुढे उपयोगी पडतं.

गोटीरामशेठनी 'निखारा रहस्यमाले'च्या दिवाळी पुस्तकाचं कव्हर मला दिलं. तीन रंगांत. आत्तापर्यंत दोनच मिळायचे, काळा आणि लाल, त्यात लाल जास्त. शेठ म्हणाले, चंदर, हे जमलं तर वर्षभराची सगळी कव्हरं तुझी. नाही जमलं तर मी दुसरा माणूस बघणार. बघा म्हटलं. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात खून काढणारा माझ्याशिवाय आहे कोण.

माझी पद्धत इथे लिहून ठेवतो. चित्राला बसण्याआधी मी राग आणतो. राग आल्याशिवाय वार नीट बसत नाही. त्यासाठी शाळेतले ड्रॉइंगमास्तर आठवतो. भर वर्गात माझा कागद वर धरून त्यांनी विचारलं होतं, ही मुळ्याची जुडी कोणी काढली. तो हात होता. आज ते आठवून स्टुलाला लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं. मूड मात्र फर्स्टक्लास लागला.

मॉडेल म्हणजे लता, माझी बायको. म्युनिसिपाल्टीच्या शाळेत दुसरीला शिकवते. ती घरी आली की मी सतरंजी टाकतो आणि ती प्रेत होते. पडल्या पडल्या असा जीव सोडते की बघत राहावं. तिच्यात जन्मजात अभिनय आहे. काल सुरा खुपसलेली पोज दिली. मध्ये थोडी घोरली, तेवढं सोडलं तर परफेक्ट.

१५ जुलै, रविवार
पुस्तक वाचलं. खंडेरावने माझा घात केला.

खंडेराव म्हणजे निखाऱ्याचा लेखक. दिवसा कचेरीत कारकून, मान वर करून बोलत नाही. घरी गेला की गळे चिरतो. त्याची माझ्याबद्दल जुनी तक्रार आहे की माझे खुनी हातमोजे घालतात. मागे त्याच्या एका पुस्तकात भर मे महिन्यात विंचूरच्या कांदाचाळीत कुऱ्हाडीने खून होतो. मी खुन्याला हातमोजे घातले. खंडेरावने शेठना विचारलं, त्याला थंडी वाजत होती का. अडाणी माणूस. हातमोजा ही माझी स्टाइल आहे. हातमोजा शोभत नसेल तिथे माझा खुनी हात खिशात घालतो, नाहीतर पडद्यामागे धरतो. त्याने गूढ वाढतं. मला हात काढता येत नाहीत असं म्हणणारे जळतात.

आणि आता या पुस्तकाचं नाव 'सहावं बोट'. खुनी गळा दाबून मारतो आणि त्याच्या उजव्या हाताला सहा बोटं. सगळं पुस्तक त्या हातावर उभं आहे. शेठनी हस्तलिखितावर लाल पेन्सिलीने लिहिलंय, कव्हरवर उघडा हात, गळ्याभोवती, हातमोजा नको. म्हणजे खंडेरावने मुद्दाम असा खून रचलाय की हातमोजा घालायला जागाच ठेवली नाही. पाच बोटांचं अजून नक्की नाही, तर हा सहावं घेऊन आला.

खंडेरावचा खून करावासा वाटला. कसा करायचा तेही ठरवलं. त्याच्याच तिसऱ्या पुस्तकातली पद्धत, पोत्यात घालून.

२२ जुलै, रविवार
ठराव होता की आठवडाभर रोज हात काढायचे. सोमवारी लाइट गेली. मंगळवारी मूड नव्हता. बुधवारी पेन्सिल फार लहान झाली होती. गुरुवारी उपास. शुक्रवारी एक हात काढला. लताने येता येता बघितला आणि विचारलं, बाईच्या गळ्यावर खेकडा कशाला. कागद टराटरा फाडला, लाल शाईची दौत भिंतीवर आपटली. ती शांतपणे फडकं घेऊन आली. म्हणाली, खेकडा हुबेहूब होता.

तिला चित्रातलं कळत नाही. शनिवारी विश्रांती घेतली.

५ ऑगस्ट, रविवार
आज अभ्यास झाला. खरा. गळ्याला फडकं बांधून लिहितोय.

शेजारचा पुंजा एकलहऱ्याच्या थर्मलला, म्हणजे वीज केंद्रात, कोळशावर कामाला आहे. त्याचा पंजा म्हणजे फावडं. त्याला म्हटलं, माझा गळा धर, मी आरशात बघून तुझा हात काढतो. तो म्हणाला, नगं भाऊ, मला जोर कळत नाय. म्हटलं, कलेसाठी धर. त्याने धरला. हात सुरेख दिसत होता. बोटांवरचे केस, नखातला कोळसा, सगळं स्वच्छ दिसत होतं. पेन्सिल टेकवली. पण त्याच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता. म्हटलं, द्वेष आण. म्हणाला, कोणाचा. म्हटलं, तुझ्या मुकादमाचा.

इथे माझं जरा चुकलं.

पुढचं लताकडून कळलं. माझी जीभ बाहेर, डोळे पांढरे, पाय जमिनीपासून वर. आरसा फुटला. पुंजा डोळे मिटून मुकादमाच्या नावाने शिव्या घालत होता आणि मला हलवत होता. लताने पाण्याने भरलेला पितळी तांब्या त्याच्या टाळक्यात घातला तेव्हा सुटलो. पुंजाच्या डोक्याला खोक पडली. रक्त माझ्या शर्टावर. तो भिंतीला टेकून रडत होता, लय जोर नव्हता लावला वैनी, आईशप्पथ नव्हता लावला.

गळ्यावरचे वळ फुटक्या आरशात मोजले. पाच. म्हणजे सहाव्याचा प्रश्न तसाच राहिला. कागदावर एकच रेघ उमटली आहे, मानेपासून सरळ खाली. पण रेघेत काय ताकद आहे.

७ ऑगस्ट, मंगळवार
आवाज गेला आहे. दूधसुद्धा गिळताना ब्रह्मांड आठवतं.

पुंजा डोक्याला पट्टी बांधून आला. त्याचं मन त्याला खातंय म्हणून त्याने थर्मलच्या साहेबाकडे माझ्यासाठी शब्द टाकला. तिथे धोक्याचे बोर्ड रंगवायला पेंटर पाहिजे. कवटी आणि खाली दोन हाडं. मी. चंदर. कवट्या.

लताने लगेच विचारलं, दिवाळीचं कव्हर पास झालं नाही तर एकलहऱ्याला जाल ना. मला नाही म्हणून ओरडायचं होतं. आवाजच फुटेना. मान नाही अशी हलवायला गेलो तर आडवी हलवली की कळ येते, त्यामुळे ती हो अशी हलली. पुंजाने साक्षीदार म्हणून ऐकलं. बघितलं म्हणजे.

लता म्हणाली, मी आता फार दमलेय. प्रेताची पोज दिसते तेवढी सोपी नसते. तिला एक दिवस सुट्टी दिली.

२७ ऑगस्ट, सोमवार
चित्र पूर्ण. मार्ग सापडला. बाईचे केस मोकळे सोडले आणि खुन्याचा हात केसांच्या आत घेतला. हात आहे, उघडा आहे, हातमोजा नाही, फक्त दिसत नाही. असं डोकं एखाद्यालाच असतं.

शेठच्या छापखान्यात गेलो. नेमका खंडेराव बसलेला. शेठनी चित्र त्याच्यापुढे ठेवलं. तो बराच वेळ बघत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, हात कुठाय. मी म्हटलं, रसिकाला जाणवतो. त्याने कोपऱ्यातली छत्री उचलली, मुठीकडून नीट धरली आणि माझ्या तोंडावर मारली.

कारकुनाच्या अंगात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. पुढचा दात गेला. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं टाइपाच्या लाकडी घोड्यावर जाऊन आदळलो, खिळ्यांची केस आडवी झाली, सगळी अक्षरं जमिनीवर. तो मला छत्रीच्या टोकाने भोसकत म्हणत होता, मे महिन्यात हातमोजे, मे महिन्यात हातमोजे. मी त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. उघडा हात इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिला. पण तेव्हा नीट बघायला सवड नव्हती.

शेठनी आम्हाला वेगळं केलं. म्हणाले, आठ दिवस देतो. हात दिसला पाहिजे. मी जिंकलोच होतो, उगाच मध्ये पडले.

३ सप्टेंबर, सोमवार
डाव्या हाताला टाके. उजव्याने लिहितोय, म्हणजे कला शाबूत आहे.

झालं असं. डावा हात कागदावर पसरला आणि कडेने पेन्सिल फिरवली. ही लबाडी नाही, पूर्वीपासून करतात. पाच बोटं झकास आली. सहावं कुठे घ्यायचं म्हणून हात जरा सरकवून पुन्हा पेन्सिल फिरवली. मोजली तर नऊ. ड्रॉइंगमास्तर आठवले. खंडेराव आठवला. कवट्या आठवल्या. असा राग आला की पेन्सिल तासायचा चाकू उचलून त्या हाताच्या मधोमध खाडकन मारला.

माझा हात अजून कागदावरच होता.

चाकू खालच्या पाटात रुतला. लता शाळेतून आली तोवर मी तसाच बसलो होतो. हलता येत नव्हतं. तिने चाकू ओढून काढला, स्वतःच्या पदराने हात बांधला, टांग्यातून दवाखान्यात नेलं. वाटेत सगळा वेळ माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होती. मला भीती वाटत होती, आणि हाताची नाही.

कागद जपून ठेवला आहे. त्यावरचा लाल रंग आजवरचा माझा सर्वोत्तम.

८ सप्टेंबर, शनिवार
शेठ घरी आले, चित्र घ्यायला. मी मोरीत होतो. दार लोटलेलं. आत पाऊल टाकलं आणि किंचाळले, चंदर, काय केलंस रे हे. चाळ गोळा झाली. पुंजा काठी घेऊन आला.

लता शाळेतून येऊन सतरंजीवर पडली होती. मी सांगितलंही नव्हतं. एक हात डोक्यावर, केस सुटलेले, तोंड थोडं उघडं. शेजारी भिंतीवर जुन्या शाईचा लाल डाग. गडबडीने तिला जाग आली, तिने सगळ्यांकडे बघितलं आणि कूस बदलली.

शेठ पाणी प्यायले. छाती धरून बसले. मग म्हणाले, हेच. हेच कव्हर. मला वाटलं माझ्या रक्ताच्या कागदाबद्दल बोलताहेत, तो पुढे केला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. म्हणाले, निवृत्ती फोटोवाल्याला सांगतो, फोटो काढू. हल्ली मुंबईची पुस्तकं फोटोच लावतात.

फोटो. खून काढायचा असतो, खेचायचा नसतो, असं मी ठणकावून सांगितलं. दात नसल्याने थोडं फुसफुसलं.

१६ सप्टेंबर, रविवार
नाशिक रोड स्टेशनजवळ निवृत्तीचा स्टुडिओ आहे. नोटांच्या प्रेसमधल्या कामगारांचे पासपोर्ट फोटो काढण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्या मागच्या पडद्यावर ताजमहाल आहे. तिथे खून.

प्रेत लता. हात पुंजाचा. पुंजा घाबरलेला. लताने त्याला पिशवी उघडून दाखवली, तांब्या आणलाय. निवृत्तीने मला पांढरी चादर दिली, उजेड बाईंच्या तोंडावर पाडा म्हणून. बाईंच्या. माझी बायको आहे ती.

सहाव्या बोटाचं कोणाला सुचलंच नव्हतं. इथे माझ्याशिवाय पान हललं नाही. शेजारच्या खानावळीतून कणीक आणली आणि एका हाताने बोट वळलं. पहिलं जाड झालं, निवृत्ती म्हणाला, हे वांगं कशाला. दुसरं जमलं. कोळसा चोळून पुंजाच्या करंगळीजवळ चिकटवलं. नखसुद्धा केलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं बोट ज्याला कोणी काही म्हटलं नाही.

फोटो निघाला तरी लता उठली नाही. खरंच झोपली होती. सगळे बाहेर चहाला गेले. मी चादर तिच्या अंगावर टाकली.

९ ऑक्टोबर, मंगळवार
'सहावं बोट' बाजारात. स्टेशनवरच्या स्टॉलवर दुपारपर्यंत थांबलो. तडाखेबंद खप. आतल्या पानावर लिहिलंय, मुखपृष्ठ: निवृत्ती फोटो स्टुडिओ. माझं नाव नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. बाकावर बसलो.

तरी एक आहे. कव्हरवरची पाच बोटं पुंजाची असली तरी सहावं माझं आहे, आणि पुस्तकाचं नाव त्याच्यावरून आहे. एक गिऱ्हाईक म्हणालं, हे बोट खोटं दिसतंय. त्याचा गळाच धरणार होतो, पण डावी मूठ अजून मिटत नाही.

संध्याकाळी शेठ पेढे घेऊन आले. लताला. पुढची तीन पुस्तकं ठरली, विष, विहीर आणि वरवंटा. तिन्हीत मरायचं. खंडेराव सोबत आला होता. लताला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ताई, माझी माणसं इतकी चांगली कधी मेली नव्हती. माझ्याकडे बघून त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

५ नोव्हेंबर, सोमवार
एकलहरे. तात्पुरता आलोय. अनुभव म्हणून. कवटीला हात नसतात, दोन हाडं असतात, ती कोणालाही येतात. इथे मी राज्य करणार. आल्या आल्या राग आणण्यासाठी रंगाच्या डब्याला लाथ मारली. तो भरलेला होता.

७ नोव्हेंबर, बुधवार
कवट्यांचे बोर्ड पुरेसे आहेत. साहेबाला नवा बोर्ड पाहिजे. 'हात लावू नये'. वर अक्षरं, खाली मोठा उघडा पंजा.

मी जुन्या सवयीने झोकात हातमोजा काढला. साहेब म्हणाला, अहो, हा बघून माणसं हातमोजा घालून हात लावतील आणि मरतील. उघडा हात काढा, उद्या सकाळी पाहिजे. पुंजा म्हणाला, भाऊ, माझा घ्या की, पण गळा नाय धरणार.

घरी आलो. लता नुकतीच निवृत्तीच्या स्टुडिओतून विहिरीत पडून आली होती. केस ओले. मी सतरंजी टाकली. म्हटलं, जरा आडवी हो, हात मोकळा सोड, फार वेळ लागणार नाही.

तिने माझ्याकडे बघितलं, सतरंजीची घडी घातली आणि म्हणाली, आता मी फुकट मरत नाही.