दोन्ही घरांचं रक्त

नाचणगाव,
२० नोव्हेंबर १९८३

ती. सुधाताईंना,

कोकिळेचा नमस्कार. इकडं सगळे खुशाल. तुमचे भाऊ कापसाच्या वेचणीत असे गुंतलेत की जेवायलाही शेतातच बसतात. यशू तीन वर्षांची झाली. शेजारी जाऊन भाकर मागते आणि वर सांगते, "आमच्या घरी देतच नाई." लाज वाटते, हसूही येतं. जिच्या पोटात दूध ठरत नव्हतं, ती पोर आता भाकर मागून राह्यली!

इंजेक्शन चुकत नाही. दर शनिवारी पुलगावला नेते. कंपाउंडर रामाजी दिसले की आधी भोकाड पसरते, आणि सुई निघाली की त्यांच्याच खिशातली लिमलेटची गोळी मागते.

तुमचं पत्र मी तुमच्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. रक्तातलं एक प्रथिन बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन उचलून अंगभर पोचवतं. यशूच्या अंगात ते अर्धवटच तयार होतं. तो तुकडा व्हिटॅमिन धरून ठेवतो, पण पेशी त्याला ओळखत नाही, आत घेत नाही. हे म्हणाले, "म्हंजे कापसाची भरली बैलबंडी जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर उभी, अन् चौकीदार आत सोडत नाई." म्हणूनच तर डॉक्टरांना तिच्या रक्तात व्हिटॅमिन दिसत होतं आणि पोर पांढरीफटक पडत चालली होती.

आता त्या तुकड्यावरून तुमच्या प्रयोगशाळेत शोधणार की प्रथिनाचा कोणता भाग व्हिटॅमिन धरतो आणि कोणता फाटक उघडतो. त्यासाठी दोन्ही घरांचं रक्त हवं, आणि तुम्ही आमची परवानगी मागता! माझ्या पोरीच्या अंगातलं मोडकं काही कुणाच्या पोराच्या कामी येणार असेल, तर मला याहून काय पाहिजे?

आष्टीला, माझ्या माहेरी, मी स्वतः गेले. बाजाराचा दिवस होता, एसटीत उभं राहायला जागा नव्हती. रूपरावदादानं काही न विचारता होकार दिला. त्याची नवी बायको, दोन्ही पोरं बरी आहेत. आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. म्हणाली, "माहं रक्त काऊन पायजे?"

तुम्ही लिहिलं तेच सांगितलं. "हे मायबाप दोघांच्याही अंगात असलं तरच असं लेकरू जन्मते, आई. एकाकडूनच आलं तं लेकरू धडधाकट राह्यते."

तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे आमच्या रूपरावच्याही अंगात हाय?"

"असंल. म्हणून तं त्याच्या दुसऱ्या बायकोची पोरं चांगली हायेत."

"अन् त्याले कोणाकडून आलं?"

दुसऱ्या दिवशी रूपरावदादासोबत तीही माझ्याबरोबर पुलगावला आली. रामाजींनी विचारलं, "आजी, सुईले भेता का?" दवाखान्यात बाया बसल्या होत्या. त्यांच्यादेखत आई म्हणाली, "सुईले नाई भेत. माह्या सुनेचं दूध इखारी हाय, असं मी गावभर बोलली. नातू गेला, सून माहेरी गेली. आता माह्या रक्तात पाहा, बाबू. निघलं तं तिले कळवजो." आणि हात पुढं केला.

ताई, हे लिहू की नको, असं मला दोन दिवस वाटत होतं. तुमच्यासमोर ते दिवस आम्ही कुणीच काढत नाही. पण एक सांगायचं राहूनच गेलं आहे. तुम्ही आष्टीहून माहेरी परत आलात, तेव्हा आपलं साटंलोटं, तुम्ही रूपरावदादाला आणि मी तुमच्या भावाला दिलेली, म्हणून इथली माणसं म्हणाली, आपली पोर परत आली तर त्यांचीही पाठवून द्या. मी पेटी भरली होती. तुमच्या कुशीतलं लेकरू नुकतं गेलेलं, आणि तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. "माहा संसार मोडला म्हणून हिचा काऊन मोडता?" त्या दिवशी मी नुसती रडले. आभार मानायचं सुचलंच नाही.

मग यशू आजारली. तुम्ही नागपूरहून धावत आलात. तिच्या तोंडातले फोड पाहिले. "माह्या लेकरालेही असंच होतं," एवढंच बोललात. त्याच पावली तिला घेऊन नागपूरला गेलात आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांपुढं ठेवलीत. त्याच्या वेळी हा रोग इकडं कुणाला माहीत नव्हता. पण त्याचे फोड, त्याचा रंग, त्याचं रडणं तुम्ही विसरला नव्हतात. विसरला असतात, तर माझी यशू आज नसती. माझं लेकरू तुमच्या माधवनं राखलं, ताई. त्याचं नाव आज दहा वर्षांनी लिहिते आहे.

तुमचे भाऊ हे पत्र आणि बर्फात ठेवलेल्या बाटल्या घेऊन उद्या सकाळच्या गाडीनं निघतील. आईची बाटली वेगळी बांधली आहे. तिनं विचारलं, "सुधा येईन का मले भेटाले?" मी म्हटलं, "ते तिच्यावर सोड." तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी, या घरात तुमचा मान तोच राहील.

तुमच्या माधवची आत्या,
कोकिळा