झेंडा प्रकाशच्याच हस्ते

३ ऑगस्ट
ग्रा.पं.ची सभा. यंदा १५ ऑगस्टचा झेंडा प्रकाशच्या हस्ते. भावकीतला, माझ्याहून लहान. जन्म मुंबईत घालवला, गावात येऊन दोन वर्षं नाही झाली, आणि झेंडा याच्या हस्ते! का, तर याचे आजोबा मिठाच्या सत्याग्रहात जेलात गेले.
आणि माझे आजोबा? त्यांचेच सख्खे थोरले भाऊ. इंग्रजांच्या अमदानीत लोकल बोर्डावर निवडून गेले. शाळा, विहीर, बंदराचा रस्ता, सगळे ठराव त्यांचे. सभेत उठून म्हटलं, स्वराज्य काय आभाळातून पडलं? कारभार कसा करायचा हे आपली माणसं शिकली ती त्या बोर्डात.
सरपंचबाई म्हणाल्या, "सर, बोर्डात बसाक खुर्ची होती. जेलात होती काय?"
सगळे हसले. प्रकाश तेवढा हसला नाही. ते जास्त लागलं.

६ ऑगस्ट
पेपरवाला प्रकाशकडे आला होता. फोटो काढले. याला धड सनावळ्या ठाऊक नाहीत, मी तीस वर्षं इतिहास शिकवला!
सौ. म्हणाली, "जळतास कित्याक?"
म्हटलं, जळत नाही, इतिहासाची बाजू मांडतोय. ती भाकरी उलटायला गेली.
जळतोय. इथे लिहायला काय हरकत.

९ ऑगस्ट
जामसंड्याला ताराआत्याकडे. बाबांची बहीण, आजोबांची धाकटी लेक. आजोबांबद्दल चार मोठ्या गोष्टी सांगेल, त्या सरपंचबाईंच्या तोंडावर माराव्यात, हा बेत.
आत्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या आजयेन माका सांगलेला. तू खंय बोला नको."
दोघा भावांना सत्याग्रहाला जायचं होतं. शेती बघायला एक तर घरी हवा. पणजीने, म्हणजे आत्याच्या आजीने, देवळात देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली तर थोरल्याने जायचं, डावी पडली तर धाकट्याने.
"उजवी पडली रे. माझ्या बापाशीच्या नावान."
"मग?"
"बोर्डाची निवडणूक इली म्हणून सांगल्यान. भियालेलो, दुसरा काय! धाकट्यान गाठोडा उचलल्यान नि चालूक लागलो. कौल आपल्याच नावान पडलो म्हणून गावात सांगल्यान."
तो सुटून आला तेव्हा गावाने हार घातले. आजोबा मागच्या दारी जाऊन बसले. पुढेही त्याचं नाव निघालं की पान टाकून उठायचे.
"तुझी पोटदुखी आजची न्हय," आत्या म्हणाली, "वारशान इली."


१२ ऑगस्ट
प्रकाश मांडवावरची तवशी घेऊन आला. कोवळ्या काकड्या, छान. माझ्या मांडवावर यंदा नुसता पाला.
"दादा, झेंडो मी लावतंय, पण भाषण तू कर. दोघवय आज्यांवर बोल. तुझ्या आज्याचा नाव कोण घेणा नाय, ता माका बरा दिसना नाय."
हो म्हटलं. एवढा चांगला वागतो, की राग धरायलाही जागा ठेवत नाही मेला.

१४ ऑगस्ट
भाषण होत नाही. चारदा बसलो.
खरं सांगावं तर आजोबा भित्रे ठरणार. बोर्डावर त्यांनी केलेलं कामही मग कोणी मोजणार नाही. लपवावं, तर माझ्याच हाताखालची मुलं समोर. आत्या म्हणाली बोलू नको, ती पळवाट आहेच.
भावाच्या वाट्याचा जेल भोगायचा आणि भावाची अब्रूही सांभाळायची. एवढं मोठं मन त्याच घरात का जावं? एका आईचीच ना दोघं?

१५ ऑगस्ट, सकाळ
टोपी घातली. खिशात कागद नाही. प्रकाश अंगणात उभा.
"दादा, चल मरे, पोरां वाट बघतत."
त्याला काही ठाऊक नाही. आत्या सोडली तर त्याच्या आजोबांचं खरं मोठेपण आज फक्त माझ्यापाशी आहे, आणि तेही त्याला द्यायचं जिवावर येतंय.
पुन्हा हाक मारतोय. निघतो.